प्रश्न तुमचे: सहाव्या प्रतीचा धूमकेतू मला का दिसला नाही?

प्रश्न: ताई, ॲपवर धूमकेतूची प्रत (म्हणजे तेजाचा आकडा, जितका लहान तितकी वस्तू जास्त तेजस्वी) 6 दाखवत होते. माझ्याकडे 10×50 ची दुर्बीण आहे, तिच्यातून आठव्या प्रतीचे तारे आरामात दिसतात, तरी तीन रात्री शोधून धूमकेतू सापडला नाही. फोटोत तर सगळ्यांना हिरवा गोळा आणि लांब शेपूट दिसतंय. माझं चुकतंय कुठे, टेलिस्कोपच घ्यायला हवा का?

उत्तर: टेलिस्कोपचं नंतर बघू, आधी त्या 6 आकड्याचं बघू कारण सगळी गडबड तिथेच आहे. ताऱ्याचा प्रकाश एका टिंबात गोळा झालेला असतो, धूमकेतूचा तेवढाच प्रकाश आकाशाच्या मोठ्या तुकड्यावर पसरलेला असतो, म्हणजे चमचाभर तूप एका घासावर घेतलं की चव कळते आणि तेच सगळ्या भातात कालवलं की कळतही नाही, तसं. प्रत मोजतात ती सगळा प्रकाश एकत्र धरून. त्यामुळे सहाव्या प्रतीचा धूमकेतू सहाव्या प्रतीच्या ताऱ्याएवढा ठसठशीत दिसेल ही अपेक्षाच सोडून द्या.

खात्री करायची तर देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) बघा. तिची प्रत 3.4, ती दिसते मात्र नुसत्या पुसट डागासारखी, आणि तेवढ्याच प्रतीचा तारा शहरातूनसुद्धा दिसतो. मी नवीन माणसाला आधी तीच शोधायला लावते, एकदा तो डाग नजरेत बसला की धूमकेतू शोधताना नक्की काय शोधायचंय ते कळतं.

आता डोळ्यांचं. अंधारात किमान 20 ते 30 मिनिटं थांबा आणि त्या वेळात मोबाईल खिशातच राहू द्या, एकदा स्क्रीन बघितली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नकाशा बघायचाच असेल तर मंद लाल टॉर्च. मग धूमकेतूच्या जागेवर थेट न बघता जरा बाजूला बघा, कारण अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या अगदी मध्यभागी नसतातच. पाठ भिंतीला टेकवा, कोपरं गुडघ्यांवर ठेवा आणि मग दुर्बीण हळूच किंचित हलवा, स्थिर असताना न दिसणारा डाग हलवल्यावर एकदम जाणवतो. मला आजही बरेच धूमकेतू असेच आधी "जाणवतात" आणि मग दिसतात, आणि तो क्षण मला कुठल्याही फोटोपेक्षा प्यारा आहे!

हिरव्या रंगाचं म्हणाल तर तो खरा असतो, कार्बनच्या रेणूंमुळे येतो, पण एवढ्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. म्हणून टेलिस्कोपची घाई नको. दुर्बिणीला आकाशाचा मोठा तुकडा दिसतो, शेपटीसाठी तेच लागतं. पैसे आणि वेळ आधी अंधाऱ्या जागी जाण्यावर घालवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते, धूमकेतू सूर्याजवळ असेल तर सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण तिकडे वळवायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न: मला एक पुसट ठिपका सापडला, शेपूट नव्हती. तो धूमकेतूच होता हे कसं ओळखू?

उत्तर: तुमच्यासारखंच 1758 मध्ये शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचं झालं. धूमकेतू बघता बघता त्याला वृषभ राशीत एक ढगासारखा डाग दिसला, पण तो जागचा हलेना. तो होता आजचा एम 1 (एम म्हणजे मेसिए), क्रॅब तेजोमेघ. अशा फसवणाऱ्या वस्तूंची त्याने यादीच केली, 1781 पर्यंत त्यात 103 नोंदी झाल्या. शौरी तारकासमूहातला एम 13 तारकागुच्छही दुर्बिणीतून अगदी बिनशेपटीच्या धूमकेतूसारखाच दिसतो.

तेव्हा वहीत एक गोल काढा, ठिपका आणि आजूबाजूचे चार-पाच तारे पेन्सिलने मांडा, वेळ लिहा. दुसऱ्या रात्री त्याच ताऱ्यांशी पडताळा. ठिपका सरकला असेल तर धूमकेतू, तिथेच असेल तर मेसिएच्या यादीत शोधा. शेपूट नसण्याने काही बिघडत नाही, कितीतरी धूमकेतूंना डोळ्याला दिसेल अशी शेपूट नसतेच. आणि ती दोन्ही चित्रं मला जरूर पाठवा.