माळ्यावरची टिस्को

प्रश्न: रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आत्येभावाची इलेक्ट्रिक गिटार निघाली, वर टिस्को लिहिलंय, पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज पकडून अँपला देणाऱ्या भागावर, सोनेरी पत्रा आहे, मला वाटलं खेळणंच असणार पण अँपला लावली तर आवाज काय गोड हो! फक्त नॉब फिरवला की खरखरते. नवे पिकअप टाकू का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो अजिबात नको! ते सोनेरी पत्र्याचे, म्हणजे गोल्ड फॉइल पिकअपच तर खरा माल आहे. टिस्को जपानी कंपनी, १९६७ मध्ये कावाई या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने घेतली, तेव्हा स्वस्तातली म्हणून लोक नाकं मुरडायचे, मग अमेरिकन गिटारवादक राय कूडरने असला पिकअप आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये बसवला आणि यांचे भाव चढले. आउटपुट कमी असतं म्हणून आवाज मोकळा येतो, जोरात छेडलं तरी पटकन फाटत नाही. खरखर बहुतेक पॉटमधल्या, म्हणजे नॉबखालच्या आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागातल्या, धुळीची, जेल रोडवर कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, प्लेट उघडून पॉटच्या फटीत थोडासा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, लगेच फरक कळेल. तारा नव्या लावा पण पातळ, दहाच्या सेटच्या (सगळ्यात पातळ तार ०.०१० इंचाची) वर जाऊ नका, आधी नेक, म्हणजे गिटारची मान, वाकलेली नाही ना ते बघा. पॉलिश-बिलिशच्या भानगडीत पडू नका. आणि हो, गिटार आत्येभावाची आहे, तेव्हा भाव त्याला जरा बेतानेच सांगा!