मार्शल टकर बँडमध्ये मार्शल टकर नक्की कोण? आणि हा बँड ऐकायचा तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: कोणीच नाही. मूळ बँडमध्ये सहा जण होते आणि त्यातल्या एकाचंही नाव मार्शल टकर नव्हतं. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गमध्ये ही मंडळी एका जुन्या गोदामात तालीम करायची. कार्यक्रम तोंडावर आला तरी बँडला नाव सापडेना. गोदामाच्या किल्लीला अडकवलेल्या पट्टीवर कुणाचं तरी नाव होतं, तेच उचललं. तो माणूस म्हणजे पियानो सुरात लावून देणारा एक अंध कारागीर आणि त्या जागेचा आधीचा भाडेकरू, हे त्यांना मागाहून कळलं. हे खरे टकर जानेवारी २०२३ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी गेले. बँडच्या सहांपैकी तिघे त्यांच्या कितीतरी आधी गेले होते.

आता दुसरा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की लिनर्ड स्किनर्ड आणि ऑलमन ब्रदर्स ऐकून झालेत आणि हाही 'त्यातलाच एक' बँड वाटतो. शिक्का एकच, सदर्न रॉक म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचा रॉक, हे खरं. ऑलमन ब्रदर्स आणि हे दोघंही जॉर्जियातल्या मेकनच्या कॅप्रिकॉर्न रेकॉर्ड्स या कंपनीचे. १९७३ मध्ये ऑलमन ब्रदर्सच्या मैफलींआधी वाजवूनच यांचं नाव झालं. पण माझ्या मते हा बँड त्या दोघांपेक्षा कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या, जास्त जवळचा, आणि गंमत म्हणजे जॅझच्याही.

स्पार्टनबर्ग म्हणजे कापडगिरण्यांचं गाव, आपल्या सोलापूर-इचलकरंजीसारखं. टॉय आणि टॉमी कॉल्डवेल हे दोघे सख्खे भाऊ तिथलेच. टॉय लीड गिटार वाजवायचा आणि बहुतेक गाणी त्याचीच. धाकटा टॉमी बेसवर, आणि बँडचा कारभार खऱ्या अर्थाने त्याच्या हातात. गायक डग ग्रे, ऱ्हिदम गिटारवर जॉर्ज मॅककॉर्कल, ड्रम्सवर पॉल रिडल आणि फ्लूट-सॅक्सोफोनवर जेरी युबँक्स. टॉय अमेरिकी सैन्याच्या मरीन्स दलात होता, व्हिएतनाममध्ये १९६८ साली जखमी होऊन परतलेला. डग ग्रेही व्हिएतनामला जाऊन आलेला. त्यांची गाणी सारखी घर सोडून निघालेल्या माणसांची का असतात, याचं उत्तर मला तरी इथे दिसतं. पटलं नाही तर सोडून द्या.

टॉयची खासियत अशी की तो पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, वापरायचाच नाही. उजव्या हाताचा अंगठा, बस. पिकने तार छेडली की सुराच्या सुरुवातीला एक टणत्कार येतो. अंगठ्याच्या मांसल भागाने छेडली की तो बोथट होतो, सूर गोल निघतो. एवढ्यावर भागलं असतं तर संथ गाणीच वाजवली असती त्याने, पण हा गडी त्याच अंगठ्याने वेगवान ताना काढायचा. मी गेली काही वर्षं हौसेने गिटार वाजवतो. चार-पाच सूर जरा झटपट घ्यायला गेलं की माझा अंगठा तारांमध्ये अडकतो. करून बघा, म्हणजे टॉय काय चीज होता ते कळेल.

सुरुवात १९७३ च्या पहिल्या अल्बमपासून करा. अल्बमचं नाव बँडचंच आहे. निर्माता पॉल हॉर्न्सबी, जो पूर्वी ऑलमन बंधूंबरोबर अवर ग्लास या बँडमध्ये होता. त्यातलं 'कान्ट यू सी' तुम्ही कुठेतरी ऐकलेलं असणारच. एका बाईपायी उद्ध्वस्त झालेला माणूस मालगाडी पकडून निघून जायचं म्हणतो, एवढंच कथानक. डी, सी, जी, परत डी: अख्खं गाणं या तीन कॉर्डवर. पण सुरुवात ऐका. आधी गिटार आणि तिच्यावर हलकेच उतरणारी फ्लूट. दारू, ट्रक आणि मारामाऱ्यांच्या या संगीतात फ्लूटचं काय काम, असं वाटतं खरं, पण ती काढून टाकली तर ते गाणं शंभर गाण्यांतलं एक होऊन जाईल. आणखी एक: हे गाणं डग ग्रेने नाही, खुद्द टॉयने म्हटलंय. डगचा आवाज तयार, मोठ्या पल्ल्याचा. टॉयचा खरखरीत, घासलेला. या गाण्याला तोच हवा होता. १९७६ मध्ये कंट्री गायक वेलन जेनिंग्जने ते गायलं आणि कंट्रीच्या यादीत वर नेलं. त्याचंही ऐका, पण फ्लूटवालं आधी.

डगला ऐकायचं तर त्याच अल्बमचं पहिलं गाणं, 'टेक द हायवे'. शांत सुरू होतं आणि मग असं उसळतं की स्पीकरचा आवाज आधीच बेताने ठेवलेला बरा.

१९७४ चा दुसरा अल्बम 'अ न्यू लाइफ' चांगला आहे, पण घाईत असाल तर नंतर ऐका. त्याच वर्षीचा 'व्हेअर वी ऑल बिलाँग' मात्र चुकवू नका. जोड अल्बम आहे, एक तबकडी स्टुडिओतली आणि एक मैफलीतली. मैफलीतल्या भागात '२४ अवर्स अ‍ॅट अ टाइम' हे लांबलचक गाणं आहे आणि त्यात सदर्न रॉकमधलाच चार्ली डॅनियल्स फिडल (व्हायोलिन) वाजवतो. रिडलचे ड्रम्स तिथे नीट ऐका. तो नुसता ठोका धरत नाही, गिटारशी बोलत राहतो. जॅझ म्हणतो ते यासाठी.

१९७५ च्या 'सर्चिन' फॉर अ रेनबो'मधलं 'फायर ऑन द माउंटन' मॅककॉर्कलचं. सोन्याच्या नादाने कॅरोलायना सोडून कॅलिफोर्नियाला गेलेला माणूस फालतू जमिनीच्या दाव्यापायी गोळी खाऊन मरतो. त्यातली स्टील गिटार पुन्हा टॉयचीच. हे गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ३८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. सगळ्यात मोठं यश १९७७ चं 'हर्ड इट इन अ लव्ह साँग', १४ व्या क्रमांकापर्यंत. इथेही सुरुवातीला फ्लूट, आणि इथेही निघून जाणारा पुरुष! फक्त चाल इतकी गोड की तो सोडून चाललाय हे पटकन लक्षातच येत नाही. याच काळात जिमी कार्टर यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारासाठी कॅप्रिकॉर्नच्या बँडांनी मैफली करून पैसा उभा केला, त्यात हेही होते.

१९७९ मध्ये हे वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीकडे गेले; त्याच वर्षी कॅप्रिकॉर्न बुडाली. खरा घाव त्यानंतर बसला. १९८० च्या मार्चमध्ये कॉल्डवेलांचा आणखी एक भाऊ टिम रस्ता अपघातात गेला आणि महिन्याभरात, २८ एप्रिलला, अपघातात जबर जखमी झालेला टॉमीही गेला. वय फक्त ३०. त्याच्या जागी फ्रँकलिन विल्की आला, चांगला वादक. १९८१ चा 'डेडिकेटेड' टॉमीच्या स्मृतीला वाहिलेला आहे. पण बँड बांधून ठेवणारा माणूसच गेला होता. पुढच्या काही वर्षांत टॉय, मॅककॉर्कल आणि रिडल बाहेर पडले. टॉय १९९३ च्या फेब्रुवारीत, ४५ व्या वर्षी वारला. मॅककॉर्कल २००७ मध्ये.

युबँक्स १९९६ मध्ये निवृत्त झाला, तेव्हापासून मूळ सहांपैकी एकटा डग ग्रे हे नाव चालवतोय. 'खरा बँड संपला' म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. मी त्यांच्यातला नाही, पण नंतरच्या अल्बमांपासून सुरुवात करू नका. १९७३ ते १९७७ एवढं ऐकून झालं की मग टॉयचा १९९२ चा एकट्याचा अल्बम शोधा. विली नेल्सन, ग्रेग ऑलमन, चार्ली डॅनियल्स असे दोस्त त्यात आलेत, आणि अंगठा तोच आहे.