कंडोम वापरूनही धास्ती

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी कंडोम वापरून संबंध आला. कंडोम फाटला नव्हता. तरी चार दिवसांपासून घसा दुखतो आहे आणि मी सारखा काखेत गाठी चाचपतो. हा एचआयव्ही असेल का?

उत्तर : कंडोम शेवटपर्यंत शाबूत राहिला असेल, तर धोका अत्यल्प आहे. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, पुरळ येऊ शकते हे खरे. परंतु साध्या विषाणूजन्य तापातही हेच होत असल्याने लक्षणांवरून निदान होत नाही, ते रक्ततपासणीनेच होते. (चाचपून चाचपून काख दुखेलच, तो चाळा आधी थांबवा.) शिरेतील रक्तावर प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे दोन्ही शोधणारी एचआयव्ही चाचणी) संबंधानंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली, की या प्रसंगापुरती शंका मिटली. कंडोम फाटला असता, तर मात्र ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करावी लागली असती.