अप्रेंटिसशिप म्हणजे वर्ष फुकट?

प्रश्न: सर, आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेड झालाय, रोह्यात केमिकल कंपनीत अप्रेंटिसशिप मिळतेय पण घरचे म्हणतात वर्ष वाया जाईल. जाऊ का?

उत्तर: जा रे बाबा, बिनधास्त जा! फक्त काँट्रॅक्ट अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर रजिस्टर झालंय ना ते आधी बघ. सुरुवातीला केबल ओढायला नि ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथली पकड) टाइट करायलाच लावतील, कंटाळू नकोस, त्यातच प्लांट कळतो. मग प्रेशर ट्रान्समीटरचं (दाब मोजून विजेचा सिग्नल पाठवणाऱ्या यंत्राचं) कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग तपासून जुळवणं, स्वतःच्या हाताने कर, रेंजच्या 0 टक्के प्रेशरला 4 मिलिअँपिअर, 50 ला 12, 100 ला 20, आणि मीटरवर सरळ 0 मिलिअँपिअर आलं तर प्रेशर नाही असं समजू नकोस, वायर तुटलीय नाहीतर सप्लाय गेलाय, म्हणून तर सुरुवात 4 पासून ठेवलीय. आणि हो, परमिटशिवाय (कामाच्या लेखी परवानगीशिवाय) कुठल्याच लाइनला हात लावायचा नाही, सीनियर कितीही घाई करू दे.