वाचकांचे प्रश्न : राहून गेलेली कामे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. गावाकडची अडीच एकर जमीन अजून त्यांच्याच नावावर असून सातबाऱ्यावर वारस नोंद करून घेण्याचे काम थोरला म्हणून माझ्याकडे आले आहे. दर रविवारी कागदपत्रांची पिशवी काढायचे ठरवतो आणि दिवस दुसऱ्याच कशात तरी जातो. गेल्या रविवारी मी माळा आवरला. पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर विचारतो, तेव्हा ‘या आठवड्यात करतो’ असे सांगून वेळ मारून नेतो. नाशिकला दिलेल्या बहिणीने हा विषय कधी काढलेला नाही, मीही काढलेला नाही. शाळेचे एकही काम माझ्याकडून उशिरा होत नाही, मग हेच का होत नाही? पत्नीच्या मते हा निव्वळ आळस आहे. ही सवय कशी जाईल?

उत्तर : आळशी माणूस रविवारी माळा आवरायला घेत नाही. आळसात काहीच करावेसे वाटत नाही. चालढकलीत मात्र माणूस ते एक काम सोडून बाकी पुष्कळ कामे करतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 2013 साली असे मांडले की, चालढकलीचे मूळ वेळेच्या नियोजनात नसून नकोशी भावना टाळण्याच्या धडपडीत असते. काम समोर आले की मनाला जी बोच लागते, ती काम बाजूला सारताच ओसरते, आणि ही सुटका इतकी लगेच मिळते की पुढच्या वेळीही मन तीच वाट धरते. त्यामुळे केवळ वेळापत्रक आखून तुमचे काम मार्गी लागेल, असे मला वाटत नाही. या एका कामात तुम्हाला नेमके काय टोचते आहे, ते आधी शोधले पाहिजे.

ते तुमच्या पत्रातच आहे, असे मला वाटते. बहिणीचा उल्लेख तुम्ही एका वाक्यात उरकला आहे. पण ‘मीही काढलेला नाही’ हे सांगावेसे वाटले, याचा अर्थ ती गोष्ट तुमच्या मनात सलते आहे. पिशवी उघडली की अर्ज भरावा लागणार, अर्जात वारसांची नावे लिहावी लागणार, आणि नावे लिहिताना जमिनीची वाटणी कशी होणार हा प्रश्न उभा राहणार, अशी ही साखळी आहे. खरे तर ही दोन कामे निरनिराळी आहेत. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार तुमच्या आई हयात असल्यास त्या, तुम्ही दोघे भाऊ आणि बहीण हे सगळेच वारस ठरतात. शिवाय 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. नोंदीत बहिणीचे नाव येणे यात कोणावर उपकार नाहीत आणि कोणाशी वैरही नाही. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरील नावे बदलण्याच्या, नोंदीने मालकीचा निवाडा होत नाही; पुढे वाटप करायचे की नाही, कसे करायचे, हे तुम्ही भावंडांनी सवडीने बसून ठरवायचे आहे. म्हणून कागदांना हात लावण्याआधी बहिणीला फोन करावा आणि एवढेच सांगावे : ‘बाबांच्या जमिनीची वारस नोंद करायची आहे, त्यात आपल्या सगळ्यांची नावे लागतील, तुझ्या आधार कार्डाची प्रत पाठव.’ हा फोन झाला की उरलेले काम पुष्कळ हलके होईल.

पिशवीत वडिलांचे हस्ताक्षर असेल, जुन्या पावत्या असतील, त्यांनी घडी घालून ठेवलेले कागद असतील. त्याला सामोरे जाणे सोपे नसते, आणि त्यासाठी दोन वर्षे हा काही फार मोठा काळ नव्हे. ती एकट्याने उघडू नये. पत्नींना शेजारी बसवावे. ज्या कामाची टाळाटाळ त्यांना आळस वाटते, त्याचे ओझे त्यांनाही दिसेल.

आता रविवारविषयी. हे काम जिथे व्हायचे, ते ग्राम महसूल अधिकाऱ्याचे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याचे, कार्यालय रविवारी बंद असते. 2020 च्या फेब्रुवारीअखेरीस पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून शनिवारीही बंद असते. ज्या दिवशी काम होऊच शकत नाही, तोच दिवस मनाने नेमून घेतला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचे संशोधन इथे उपयोगी पडेल. ‘मी हे करीन’ एवढा संकल्प सोडण्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक गोष्ट घडली की मी हे करीन’ असे ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते; 2006 साली 94 स्वतंत्र चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हेच दिसले. तुमच्यापुरते सांगायचे तर : शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी न जाता थेट झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मृत्यू दाखल्याच्या प्रती काढायच्या आणि वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र कुठे करून मिळेल ते विचारून यायचे. पुढच्या आठवड्यातल्या एका दिवसाची किरकोळ रजा त्याआधीच टाकून ठेवायची. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. पण ती मुदत उलटली म्हणून नोंद होतच नाही, असे नाही. अर्जानंतर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज महसूल खात्याच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरही भरता येतो, आणि तो भाग पुण्याच्या भावाने केला तर उत्तम. थोरलेपणाचा अर्थ सगळे एकट्याने करणे असा नाही.

आणखी एक. झालेल्या उशिराबद्दल स्वतःला बोल लावणे थांबवावे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010 साली 119 विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. अपराधीपणा हीही एक नकोशी भावनाच आहे, आणि ती टाळण्यासाठी माणूस पुन्हा तेच काम टाळतो.

प्रश्न : मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधिकेसाठी वाचन भरपूर झाले आहे, पण लिहायला बसले की आणखी एक संदर्भ पाहावासा वाटतो. मूड लागला की महिन्याभरात लिहून होईल, असे वाटत राहते.

उत्तर : महिन्याभराचा हिशेब आधी सोडून द्यावा. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपला प्रबंध साधारण 34 दिवसांत पूर्ण होईल, असे विद्यार्थ्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. तुम्हीही तुमच्या अंदाजाच्या दुप्पट दिवस हाताशी ठेवून आजच सुरुवात करावी.

नवे संदर्भ शोधणे ही अभ्यासाचे रूप घेतलेली चालढकल आहे, आणि ती ओळखणे सर्वांत कठीण, कारण तिच्याबद्दल कोणी रागवत नाही. प्रस्तावनेपासून लिहिण्याचा आग्रह धरू नये. कोणते साहित्य निवडले, कसे तपासले, हे सांगणारे प्रकरण आधी घ्यावे. त्यात मत बनवायचे नसते, केलेले सांगायचे असते. लिहिताना एखादा संदर्भ आठवला तर समासात खूण करून पुढे जावे, पुस्तक उघडू नये. पहिला खर्डा वाईट होईल, तो तसाच मार्गदर्शकांना दाखवण्याची तारीख त्यांच्याकडून या आठवड्यातच मागून घ्यावी. मात्र लेखनच नव्हे, तर जेवण, झोप, मैत्रिणींना भेटणे हेही नकोसे झाले असेल, तर हा प्रश्न सवयीचा नाही. अशा वेळी समुपदेशकांना भेटावे किंवा 14416 या टेली मानस सेवेच्या क्रमांकावर बोलावे.