आर्थिक धोरणाबाबत राजकीय नेत्यांच्या मतांना किती वजन द्यावे?

धोरणाचे उद्दिष्ट काय असावे आणि त्याचा भार कोणी उचलावा, याविषयीचे नेत्याचे मत गांभीर्याने घ्यावे. मात्र त्या धोरणाचा परिणाम काय होईल, याविषयीचा त्याचा दावा पुराव्यावाचून स्वीकारू नये. पहिला प्रश्न मूल्यांचा आहे आणि तो सोडवण्यासाठीच प्रतिनिधी निवडले जातात. दुसरा आकडेवारीने तपासता येतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्याचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ साली आयकरात मोठी कपात करताना अर्थव्यवस्थेला जोरदार चालना मिळेल असे ठामपणे सांगितले होते; प्रत्यक्षात महसूल इतका घटला की २०१७ मध्ये त्यांच्याच पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ती कपात बहुतांशी मागे घेतली. म्हणून दावा किती मुदतीचा आहे, तो कोणत्या आकड्यावर तपासता येईल आणि विरोधी बाकांवर असताना तोच नेता काय म्हणत होता, हे पाहावे; यांतील शेवटची कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते. अर्थतज्ज्ञांचेही अंदाज चुकतात, हे मान्य करायला हवे, आणि एखादे धोरण प्रशासनाला राबवता येईल का, याची जाण अनुभवी नेत्याला त्यांच्यापेक्षा अधिक असू शकते.