कॉलेजात नाटक करणाऱ्या मुलांना त्यातून देश कळतो का?

तुम्ही विचारलंय की पथनाट्यं, एकांकिका करणारी मुलं त्यातून देशाशी खरंच जोडली जातात, की सगळं करंडकापुरतंच असतं.

करंडकापुरतंच असतं, पण म्हणून ते कमी समजू नका. कॉलेजात असताना मी एकांकिका केल्या, आता मुलांच्या तालमींना अधूनमधून जाऊन बसतो. माझ्या मते मुलांना देश भेटतो तो तालमीत. प्रयोगातला देश बहुतेक वेळा ठरीव असतो. शेवटाला संगीत चढतं, मधोमध झोत पडतो, तिरंगा येतो आणि टाळ्या. झेंडा आला की टाळी हमखास, हे दिग्दर्शन करणारा चलाख पोरगा पहिल्याच वर्षी ओळखतो. परीक्षकही ओळखून असतात, तरी गुण द्यायचे ते देतातच.

तालमीत काय होतं ते सांगतो. एका संहितेत जवानाच्या आईला लांबलचक स्वगत होतं, एक मुलगा गेला तरी दुसरा देईन या थाटाचं. लिहिणाऱ्या मुलाच्या घरी सैन्यात कुणी नव्हतं. लाइट्स बघणाऱ्या पोराचा सख्खा भाऊ सैन्यात. तो मागून म्हणाला, "आमची आई असलं काय बोलत न्हाई. फोन लागला की जेवलास का विचारती, मग रजा कधी घावतीय ते." लेखक उखडला. म्हणे, मग त्यात देशप्रेम कुठे आहे? त्यावर सगळा ग्रुप भांडला. आईचं काम करणारी मुलगी म्हणाली, मला पाठांतर कमी होईल, मी याच्या बाजूने. शेवटी स्वगत उडालं आणि फोन राहिला. देश म्हणजे काय यावर त्या पोरांनी नागरिकशास्त्राच्या तासाला असा वाद घातला असता का? मला नाही वाटत.

बोलीचंही तसंच. सूत्रधार प्रमाण मराठीत, शिपाई नि मोलकरीण गावाकडच्या बोलीत, ही वाटणी इतकी मुरलेली आहे की कुणाला खटकत नाही. खानदेशातून किंवा चंदगडाकडून आलेला मुलगा ग्रुपमध्ये असला आणि तो तोंड उघडणारा असला, तर मात्र खटकते. 'सामान्य भारतीय माणूस' असं पात्र लिहिलंय खरं, पण तो बोलणार कसा? आडनाव काय लावायचं? या प्रश्नांवर तालीम अडते. अडावीच.

हे काही आजचं नाही. खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं, त्यात इंग्रजांचं नावही नव्हतं. पण कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, सैरंध्री म्हणजे वेषांतर केलेली द्रौपदी ती आपला देश, भीम जहाल आणि धर्मराज मवाळ, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. सरकारला कळायला जरा वेळ लागला, 1910 मध्ये बंदी आली. पुढे 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ तेव्हा चोविशीच्या आसपास होते. देशात गिरणी कामगाराची जागा कुठे, हे ते डफ-तुणतुण्यावर विचारत होते.

त्याहून बोलकं उदाहरण तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चं, पेशवाईतल्या नाना फडणवीसांची काळी बाजू दाखवणाऱ्या नाटकाचं. 1972 मध्ये पुण्यात पहिला प्रयोग झाला तेव्हा करणारी मंडळी बहुतेक तरुण होती. 1980 मध्ये नाटक युरोपला निघालं आणि वाद पेटला, की परदेशात हे दाखवून आपली बदनामी होईल. दौरा झाला. पण तो वाद मला नाटकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पाहुण्यांना घराची कुठली खोली दाखवायची, यावरचं ते भांडण होतं.

पथनाट्य वेगळं. तिथे तिकीट नाही, पडदा नाही, आणि समोरचा माणूस तुम्हाला बघायला आलेला नसतो. दिल्लीचे पथनाट्य करणारे सफदर हाश्मी, त्यांच्यावर 1 जानेवारी 1989 ला साहिबाबादजवळच्या झंडापूरमध्ये पथनाट्य चालू असतानाच हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. वय 34. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री आणि त्यांच्या 'जन नाट्य मंच' या ग्रुपची मंडळी त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. आजची बरीच कॉलेजची पथनाट्यं म्हणजे हेल्मेट घाला, झाडं लावा. वाईट नाही, पण त्यात कुणाशीच भांडण नसतं.

भांडण टाळायला कारणही आहे. बहुतेक स्पर्धांत संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, बोलताना सगळे 'सेन्सॉर' म्हणतात. त्याआधी कॉलेजची परवानगी, आणि हल्ली कुणीतरी प्रयोगाची क्लिप काढून व्हायरल करील ही धास्ती. मुलं आधीच कात्री लावून येतात. तरी काही ना काही निसटतंच.

स्वतः बघायचं असेल तर अंतिम फेरीपेक्षा प्राथमिक फेरी बघा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे, पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात जाऊन बसा. 'आव्वाज कुणाचा'च्या आरोळ्यांनी कान किटतील. दिवसभराच्या एकांकिकांत दोन तरी अशा निघतात की नेपथ्य लटपटतंय, उच्चार घसरताहेत, पण पोरांना काहीतरी स्वतःचं म्हणायचंय. ओळख असेल तर आधी त्यांच्या तालमीलाच जा. चहा पाजलात की कुणी बाहेर काढत नाही.